नाल्याची बाजू, भिंतीची बाजू

चारकोप, सेक्टर आठ
९ जानेवारी २०२५

रतन्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरात कोणी गेलेलं नाही. तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, ग्रुपमधून काढलंस, फोन केला तर दोन रिंगांत कट करतोस. मग मी करायचं काय? मुलीच्या लग्नातली पाकिटं कपाटात उरली होती, त्यातलं एक काढलं. पोस्टातली बाई म्हणाली, "काका, वाकोल्यालाच ना? रिक्षाने जाऊन आला असतात." म्हटलं, तुम्ही तिकीट द्या.

भांडण कशावरून झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या तू शब्द फिरवायला नको. बंगळूरच्या फुटबॉल क्लबला आपली अक्षता घाडी हवी होती. ती आपल्याकडे नोंदलेली, म्हणून सोडण्याबद्दल आपल्या क्लबला साठ हजार द्यायला ते तयार होते. तू ग्रुपवर लिहिलंस, तीन लाखांच्या खाली बोलूच नका, अशी मिडफिल्डर मुंबईत दुसरी नाही. मी लिहिलं, साठ हजारसुद्धा जास्त आहेत. एवढंच. तर एकशे बारा माणसांसमोर मला "खडूस सेक्रेटरी" म्हणालास.

अरे, ती नऊ वर्षांची असल्यापासून मी तिला शिकवतोय. आता एकोणीसची झाली. तिचं बरं व्हावं असं मला नाही वाटत? पण आम्ही देवगडची माणसं. पेटीतला खालचा थर बघितल्याशिवाय आंब्याचा भाव करत नाही. तू वरचा थर बघतोस आणि नाचतोस. अक्षी पहिल्या हाफात झकास खेळते, मान्य. दुसऱ्या हाफात गळाठते. बॉल मिळाला की मागे, पुन्हा मिळाला की पुन्हा मागे. दम नाही पोरीत. अशीच पाठवली तर ते तीन महिन्यांत परत धाडतील, आणि तेव्हा तिचं पडलेलं तोंड मला बघावं लागेल, तुला नाही.

ब्लॉक काढ. सुगंधाने तुझ्या वाटणीचे तिळाचे लाडू वेगळे ठेवलेत.

लवू


वाकोला, सांताक्रूझ पूर्व
१४ जानेवारी

लवू,

लाडू पाठवायचे सोडून लेक्चर पाठवलंस. ब्लॉक काढणार नाही. तू पोस्टाने लिहितोस ना, मग मीपण पोस्टानेच. कमल म्हणते, साठीला टेकलेले दोन बाप्ये आणि कट्टी शाळेतल्या पोरींसारखी! तिला म्हटलं, तू यात पडू नकोस.

दम नाही? अक्षीला? रोज सकाळी मार्वे जेटीपर्यंत धावत जाते आणि धावत येते ती. तू कधी गेलायस का रे तिच्यामागे, सायकलवरून तरी?

मी माझ्या पायरीवरून, नाल्याच्या बाजूने काय बघतो ते ऐक. बॉल यायच्या आधी ती दोनदा मान वळवून मागे बघते. बॉल पायाशी आला की अंगावर आलेल्या पोरीला खांदा दाखवते एकीकडे आणि निघते दुसरीकडे. ती पोरगी बिचारी तिथेच, बस सुटल्यासारखी. मी उभा राहून शिट्ट्या मारतो. या वयात, या पायाने! पहिला हाफ मी पोटभर बघतो. दुसऱ्या हाफात बाजू बदलतात आणि ती पलीकडे, तुझ्या भिंतीकडे जाते. तिकडचं मला धुरकट दिसतं, मोतीबिंदू पिकायला आलाय. दिसत नाही, फक्त तुझा आवाज येतो. तुझी हाक म्हणजे काय, मार्वेच्या जेटीवरून मारलीस तर खाडीपलीकडे मनोरीतल्या माणसाने ओ द्यावी!

मधे कधी वाटतं, उठावं आणि तुझ्या शेजारी येऊन बसावं. पण ९८च्या फायनलला आपण भांडून समोरासमोर बसलो आणि जिंकलो, तेव्हापासूनचा आपला नियम. मोडला आणि हरलो तर तू मला जन्मभर ऐकवशील.

आता एक खरं सांग. साठ हजार द्यायला ते तयार "होते" असं लिहिलंस. आता नाहीत? कोणी काय सांगितलं त्यांना?

जय भीम.
रतन


चारकोप
२० जानेवारी

रतन्या,

तुला पोलिसात घ्यायला हवं होतं.

होय, मी सांगितलं. डिसेंबरात त्यांच्या माणसाचा फोन आला. म्हणाला, सर, तुम्ही तिला दहा वर्षं बघताय, मनापासून सांगा. मी मनापासून सांगितलं, की दुसऱ्या हाफात दम टिकत नाही. तो म्हणाला, ठीक आहे, मार्चच्या सोळा तारखेला शेवटची मॅच आहे ना, तेव्हा एकदा येऊन बघतो, मग ठरवू. म्हणजे दार बंद झालेलं नाही. उगाच बोंब मारू नकोस.

आणि हे मी हवेत बोलत नाही. माझी वही आहे. या सीझनच्या अकरा मॅच मी लिहिल्यात, दरवेळी दर पासाला एक काडी. पहिल्या हाफात ती सरासरी सात बॉल मागे देते. दुसऱ्या हाफात बावीस. तू शिट्ट्या मारतोस, मी काड्या मारतो. कोणावर विश्वास ठेवायचा?

मला काय आनंद झाला का ते सांगून? तिची आई, शर्मिष्ठा, इंडस्ट्रियल इस्टेटमधे शिलाईला जाते. परवा रस्त्यात भेटली. म्हणाली, भाऊ, मार्चपर्यंत काही झालं तर झालं, नाहीतर एप्रिलपासून हिला आमच्याच गाळ्यात पॅकिंगला लावते, मालकाशी बोलून ठेवलंय. अक्षी बाजूलाच उभी होती, पिशवीच्या बंदाशी चाळा करत. घरी येऊन जेवलो नाही. सुगंधा विचारत बसली, काय झालं, काय झालं.

पण खोटं सांगून पाठवणं माझ्याच्याने होणार नाही.

देव बरे करो.
लवू


वाकोला
२७ जानेवारी

लवू,

आपल्या पोरीचा दम नाही असं परक्या माणसाला सांगतोस? शिव्या लिहिणार होतो, पण कालची मॅच झाली आणि डोक्यात लाइट पेटली.

काल आपण टॉस हरलो. नेहमी आपली कॅप्टन टॉस जिंकली की पहिला हाफ खाडीच्या दिशेने खेळायचं म्हणते, ही आपल्या क्लबची जुनी खोड. अक्षी उजवीकडून खेळते, म्हणून पहिल्या हाफात ती माझ्या नाल्याकडे आणि दुसऱ्यात तुझ्या भिंतीकडे असते. काल समोरच्यांनी उलटं केलं. पहिल्या हाफात ती तुझ्याकडे होती. खेळली का? अजिबात नाही, बाजूच्या पोरांनी सांगितलं. मागे, मागे, मागे. आणि दुसऱ्या हाफात माझ्याकडे आली तेव्हा बघितलंस ना? ऐंशीव्या मिनिटाला तिघींना काढून गोलकीपरच्या अंगावर गेली! दम संपलेली पोरगी ऐंशीव्या मिनिटाला तिघींना काढते का रे, सेक्रेटरी?

तुझी ती वही उघड. आपण टॉस हरलो आणि बाजू उलटी झाली अशा सगळ्या मॅच काढ. मागचे सीझनपण काढ. आणि मग मला सांग काड्या कुठे पडल्यात.

रतन


चारकोप
४ फेब्रुवारी

रतन्या,

काढल्या. तीन सीझनमधे नऊ मॅच अशा मिळाल्या. नऊच्या नऊ उलट्या. पहिल्या हाफात मागचे पास जास्त, दुसऱ्यात कमी. तेव्हा मी बाजूला लिहून ठेवलं होतं, "आज उशिरा गरम झाली". नऊ वेळा तेच वाक्य लिहिलंय, माझ्याच अक्षरात. आवशीचो घोव! वही खरं सांगत होती आणि मी उलटं वाचत होतो.

म्हणजे दमाचा प्रश्न नाही. भिंतीच्या बाजूचा आहे. मान्य केलं, आता तू हसून घे.

पण भिंतीकडे आहे काय? मी रविवारी सकाळी जाऊन ती सगळी बाजू चालून बघितली. मी बसतो त्या बदामाच्या झाडापाशी दोन खळगे होते. मुरूम आणून स्वतः भरले, धुमसाने ठोकले, कंबर धरलीय. तिथे एक नळाचं झाकण वर आलंय, ते महिन्याभरात बसवून घेतो. ऊन म्हणशील तर संध्याकाळचं ऊन तिच्या पाठीवर येतं, डोळ्यांत नाही. अक्षीलाच विचारलं, बाय, भिंतीकडे खेळताना तुला काय होतं? म्हणाली, "काही नाही काका." आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी बांधलेलीच होती.

बंगळूरच्या माणसाला फोन करावा म्हणतो. पण कारण कळल्याशिवाय काय सांगू? तुला काही सुचतंय का?

लवू


वाकोला
१८ फेब्रुवारी

लवू,

परवाच्या मॅचला मी आलो नाही असं तुला वाटलं असेल. पायरी रिकामी बघितली असशील. मी आलो होतो. नियम मोडला.

भिंतीपलीकडच्या शाळेच्या आतून गेलो. मिथुन वॉचमनने स्टूल दिलं. भिंतीच्या मागे, बरोब्बर तुझ्या पाठीशी बसलो. आपल्यामधे फक्त ती भिंत होती. दिसत काही नव्हतं, भिंतीतल्या जाळीतून हिरवं आणि लाल हलताना तेवढं कळत होतं. म्हणून ऐकत बसलो.

पंचेचाळीस मिनिटांत तू एकतीस वेळा ओरडलास, "अक्षी, मागे दे!" मी पेपरच्या कोऱ्या कडेवर काड्या मारल्या, तुझ्यासारख्या. कात्रण सोबत ठेवलंय, वहीत चिकटव. दरवेळी तू ओरडलास की पाठोपाठ आपल्या डिफेंडरच्या पायाला बॉल लागल्याचा आवाज यायचा. एकदा नाही आला. एकदा ती वळून निघाली होती, लोक "अरे अरे" करायला लागले होते. तू पुन्हा ओरडलास. लोक गप्प झाले.

लवू, खळगे बुजवून काय होणार? भिंतीच्या बाजूला तू आहेस.

हे रागाने लिहीत नाही, देवाशपथ. रागाने लिहायचं असतं तर रविवारीच लिहिलं असतं. दोन दिवस कागद समोर घेऊन बसलो. ती पोर तुला वडिलांच्या जागी मानते, तू म्हणशील ते करते. नाल्याकडे तुझा आवाज पोचत असेल, पण तिथून तिला तुझा चेहरा दिसत नाही, म्हणून तिथे ती स्वतःच्या मनाने खेळते. एवढी साधी गोष्ट आपल्या दोघांना तीन सीझन कळली नाही, कारण आपण कधी एका बाजूला बसलोच नाही.

पण का रे? तू असा भित्रा कधी झालास?

रतन


चारकोप
३ मार्च

रतन्या,

चार पत्रं फाडली. हे पाचवं आहे, यातपण खाडाखोड होईल.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, तू मुद्दाम काहीतरी लावतोयस. मग अक्षीला घरी बोलावलं. म्हटलं, खरं सांग, माझ्या ओरडण्याने होतं का? बशी फिरवत बसली. मग म्हणाली, "काका, तुमचं नाही ऐकलं तर तुम्ही डोळे मिटून घेता. मला बघवत नाही." मला माहीतच नव्हतं, रतन, मी डोळे मिटतो ते.

का, म्हणून विचारलंस. सांगतो. एकतीस वर्षं सांगायचं होतं.

९४ची आपल्या कंपनीची फायनल. तू मिडफिल्डला, मी तुझ्या मागे डिफेन्सला. शेवटची दहा मिनिटं. बॉल तुझ्याकडे आला, तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस, मला द्यायला. समोरून ते दोघं येताना मला दिसत होते. मला जिंकायचं होतं. मी ओरडलो, "घेऊन जा, रतन्या!" आणि तू घेऊन गेलास.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पायाचा. पुढच्या सोमवारी तुला बँकेच्या टीमला बोलावलं होतं, नोकरी पक्की होती. त्याऐवजी तू सहा महिने खाटेवर काढलेस आणि पुढे आयुष्यभर स्टोअरमधे स्टुलावर बसून पावत्या फाडल्यास. मी रोज डबा खायला तुझ्यासमोर बसायचो आणि रोज ठरवायचो, आज सांगू.

९८चा नियम वगैरे सगळ्या गजाली, नुसत्या सांगायच्या गोष्टी. मला तुझ्या शेजारी बसवत नाही. तुझा तो पाय पायरीवर लांब केलेला असतो ना, तो मला जवळून बघवत नाही. म्हणून मी त्या बाजूला. आणि कोणी बॉल घेऊन निघालं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, मागे दे. पोरीचा पाय शाबूत राहावा एवढंच मनात असतं. मी तिचंच वाटोळं करत होतो.

मला माफ कर असं कसं लिहू? लिहितो. माफ कर.

लवू


वाकोला
८ मार्च

लवू,

वेडा आहेस का रे तू?

ती हाक मला ऐकूच आली नाही. खरं सांगतो. पब्लिक एवढं ओरडत होतं. मी बॉल घेतला आणि मला पुढे मोकळी जागा दिसली, संपलं. माझी आई उभी राहून ओरडली असती तरी मी थांबलो नसतो. मी कधी कोणाचं ऐकलंय? कमलला विचार. पाय माझा, हाव माझी. तू उगाच एकतीस वर्षं दुसऱ्याचं ओझं डोक्यावर घेऊन फिरलास, हमालीपण मिळाली नाही.

रडलो मी पत्र वाचून. कमलने विचारलं तर म्हटलं, मोतीबिंदू.

त्यावरून आठवलं. ऑपरेशनची तारीख मिळाली, तेरा मार्च. डॉक्टर म्हणतात पंधरा दिवस धूळ नको, मोबाईल नको. म्हणजे सोळा तारखेच्या मॅचला मी नाही. माझी वाट लागली. पण तू आहेस. त्या दिवशी तू माझ्या पायरीवर बसायचं. भिंतीकडे जायचं नाही. आणि तोंडात रुमाल कोंबून बसायचं.

ब्लॉक काढलाय. पण मॅचचं सगळं पत्रातच लिही, कमल वाचून दाखवेल. एकपण गोष्ट गाळू नकोस.

जय भीम.
रतन


चारकोप
१७ मार्च

रतन्या,

(कमलवहिनी, हे मोठ्याने वाचा, आणि मधे हा उठून बसायला लागला तर झोपवा.)

मी तुझ्या पायरीवर साडेतीनलाच जाऊन बसलो. रुमाल घेतला होता. बंगळूरचा माणूस गोलच्या मागे खुर्ची टाकून बसला, डोक्यावर टोपी, हातात वही. वहीवाला माणूस बघून मला बरं वाटलं.

आणि आपण टॉस हरलो! म्हणजे पहिला हाफ अक्षी भिंतीकडे. तिने बॉल घेतला, बदामाच्या झाडाकडे बघितलं. तिथे मी नाही. गोंधळली, मागे दिला. पुन्हा बघितलं, पुन्हा मागे दिला. म्हटलं, मी तिथून उठलो तरी सवय राहिलीच. मग विसाव्या मिनिटाला कधीतरी ती बघायची थांबली. वळली आणि निघाली. भिंतीकडून, रतन! मी त्या बाजूला इतकी वर्षं बसलो आणि हे कधी बघितलं नव्हतं. तुझ्यासारखी शिट्टी मारायला गेलो, नुसती हवा निघाली. बाजूची पोरं हसली.

पण दुसऱ्या हाफात ती आली नाल्याच्या बाजूला. माझ्या पुढ्यात. तुला कळलं का काय झालं ते? मला भिंतीकडून उठवून तू थेट तिच्या नाकासमोर बसवलं होतंस. आपल्या दोघांच्या डोक्यात हे आलंच नाही. रुमाल तोंडात कोंबला. डोळे उघडे ठेवायचे, एवढं एकच ठरवलं.

सत्तराव्या मिनिटाला बॉल तिच्या पायाशी आला, माझ्यापासून चार पावलांवर. समोरून दोघी येत होत्या. तशाच, रतन. आणि ती थांबली. मान वळवून माझ्याकडे बघितलं. विचारत होती.

मी रुमाल काढला आणि ओरडलो, "घेऊन जा, अक्षी!"

ती गेली. पहिलीला चुकवलं, दुसरीने पाय घातला आणि अक्षी आडवी. नडगी धरून पडली. मी पायरीवरून उठलो तो कसा उठलो मला माहीत नाही, लाइनवर पोचलो होतो. रेफ्रीने हात करून थांबवलं. ती उठून बसली. मोजा खाली करून बघितलं, वर ओढला. मला म्हणाली, "काका, बसा ना. काय झालं नाही." आणि फ्री किक स्वतःच घ्यायला गेली.

आपण दोन-एकने हरलो. ती शेवटपर्यंत पळत होती. शेवटच्या दहा मिनिटांत दोनदा तशीच निघाली, एकदा बॉल गेला, एकदा नाही गेला.

तो माणूस नंतर माझ्याकडे आला. मी आधीच म्हटलं, दम नाही हे मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, चूक माझी होती, तिची नव्हती. तो म्हणाला, दिसलं. किती म्हणून विचारलं तर मी तीन लाख म्हटलं, तुझं नाव काढून. तो हसला. शेवटी एक लाख वीसवर आला. म्हणजे तूपण चुकलास आणि मीपण. रात्री शर्मिष्ठाबाई पेढे घेऊन आल्या, तुझे चार फ्रीजमधे आहेत. सोडपत्रावर मी आज सकाळी सही केली. ती पाच तारखेला निघते.

आता एक राहिलं. तू लिहिलंस, माझी हाक तुला ऐकूच आली नाही. मेल्या, तुझं चौदा जानेवारीचं पत्र माझ्यापुढे आहे. माझी हाक मनोरीपर्यंत जाते असं तूच लिहिलंयस. आणि तू तर माझ्यापासून वीस पावलांवर होतास. खोटारडा आहेस. पत्र नीट ठेवलंय, वहीत, त्या कात्रणाबरोबर.

डोळ्याची पट्टी सुटली की ये. पायरीवर दोन माणसं मावतात, मी बसून बघितलंय. मी तुझ्या त्या पायाच्या बाजूला बसेन.

लवू